काळजातली दारू

वडगाव, बेळगाव
५ फेब्रुवारी २०२४

ती. आक्कास,
बसवंतचा सा. न. वि. वि.

तुला फोनवर ऐकू येत नाही, म्हणून कागदच काळा करतो. लई दमलोय गं. मागापाशी दोनदा भोवळ आली. काळजाची मधली भिंत जाड झालीय, रक्ताची वाट अडते, असं डॉक्टर म्हणतात. गोळ्यांनी भागलं नाही. आता नळी आत नेऊन त्या भिंतीच्या नसेत औषध सोडायचं, म्हणजे जाड भाग सुकेल.

औषध कोणतं विचारलं, तर अल्कोहोल! लेक पूर्णिमा म्हणाली, व्हय आप्पा, दारूच, पण शुद्ध. मी उठून घरी आलो. आपल्या आबांना दारूनंच नेलं, आई पदरानं डोळे पुसत राहिली. वीस वर्षांमागं मी तुझ्यासमोर देवाचा भंडारा उचलला, शपथ घेतली की थेंब आत जाणार नाही. तोंडाऐवजी काळजात घालायची, ही कसली पळवाट? व्हायचं ते होऊ दे.

माया पातळ करू नकोस.
तुझा बसवंत

निपाणी
९ फेब्रुवारी

चि. बसवंतास अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून आधी हसले, मग रडले. अती शहाणा त्याचा बैल रिकामा, दुसरं काय! तो भंडारा तुझ्या हातावर मीच ठेवला होता, तू जगावंस म्हणून. त्याच शपथेनं मरतोस? मीही थकलेय रे. आबांसाठी रडले, तसं तुझ्यासाठी रडायचं बळ माझ्यात नाही.

पुडीतून भंडारा पाठवतेय. कपाळाला लाव आणि दवाखान्यात जा. पाप लागलं तर ते माझं.

उत्तर नको, बरा हो.
तुझी आक्का, सत्यवती

वडगाव
२२ फेब्रुवारी

ती. आक्कास सा. न.

झालं एकदाचं. मी जागाच होतो. डॉक्टरांनी आधी दारू घातलीच नाही. छातीवर सोनोग्राफीचं यंत्र धरून त्या नसेत नुसतं चमकणारं पाणी सोडलं. पडद्यावर जी जागा उजळेल, तिथंच दारू जाणार. पहिल्यांदा भलतीच जागा उजळली. त्यांनी नळी मागं घेऊन दुसरी नस धरली. तुटलेला धागा शोधावा तसं चाललं होतं. नेमकी भिंत उजळली तेव्हा चमचाभरसुद्धा नसेल एवढी सोडली. छातीत आग झाली, जुन्या पहिल्या घोटासारखी. मला रडू आलं.

थकवा आहे, पण काल जिना चढलो आणि भोवळ आली नाही. दवाखान्यातून निघताना नर्सबाईंनी कन्नडमधून विचारलं, की दारू पिता का. वीस वर्षं नाही म्हणालो, तर पूर्णिमा हसत सुटली. मला मात्र आबा आठवले. आपल्या घरात दारूनं पहिल्यांदाच माणूस राखला गं.

पुडीत चिमूटभर भंडारा उरला होता. आज आंघोळ करून तो पुन्हा उचलला.

आहे तेवढा लोभ पुरे, पण तो राहू दे.
तुझा बसवंत