माझं तळं, दादाची विहीर

३ मार्च, सकाळी सात.
तळ्यात कोळंबीचं बी सोडलं. माझ्यात लहानपणापासून एक उद्योजक दडलेला होता, तो आज बाहेर आला. दादा कुंपणापलीकडून म्हणाला, तळाला प्लास्टिक अंथर, नाहीतर तळ्यात घेतलेलं खाडीचं खारं पाणी माझ्या विहिरीत झिरपेल. हा वांगी पिकवणार आणि मला सायन्स शिकवणार! पुढच्या बॅचला अंथरीन. नक्की.

२० मार्च.
वास. कुजक्या खाद्याचा आणि तळाच्या काळ्या गाळाचा. शर्टला, उशीला, केसांना. बायको हॉलमध्ये झोपते. म्हणते, आधी अंघोळ करा. केली होती! प्रगतीला थोडा वास असायचाच.

८ एप्रिल.
वहिनी तांब्या घेऊन आली. म्हणे विहिरीचं पाणी मचूळ झालंय, डाळ शिजत नाही. मी घोटभर प्यायलो, चेहरा हलू दिला नाही. म्हटलं, वहिनी, तुमची जीभ बिघडलीय, डॉक्टरला दाखवा. ती गेल्यावर तीनदा चूळ भरली. शी!
आमच्याकडे हल्ली बाटल्यांचं पाणी येतं. त्याचा याच्याशी काही संबंध नाही.

२ मे.
दादाच्या वांग्यांची पानं कडेनं करपली. कीड असणार. तो काही बोलला नाही, नुसता रोपं उपटत बसला. गप्प बसून दुसऱ्याला अपराधी वाटायला लावायचं, ही फार घाणेरडी सवय आहे त्याची. मनाला लावून घ्यायचं नाही, असं ठरवलं. दुपारी जेवण गेलं नाही. उकाडा.

१९ मे.
कोळंबीच्या कवचावर पांढरे ठिपके. खाद्यवाला म्हणाला, रोग आहे. ब्लीचिंग पावडर टाकल्याशिवाय पाणी बाहेर सोडू नका, सगळ्यांना लागण होईल. एवढा वेळ कुणाला आहे? ओहोटी लागली, तळ्याचं दार उघडलं, सगळं खाडीत. तळं साफ! धंद्यात डोकं लागतं.

२० मे, दुपारी.
भरतीला पंप लावून ताजं पाणी घेतलं. ताजं कसलं! हिरवट, तेलकट, वर फेस, आणि त्यात माझीच मेलेली कोळंबी परत आली. ओकारी आली. खाडीत लोक वाट्टेल ते सोडतात, कुणाचा धाक म्हणून नाही.

२६ मे.
खालच्या तळेवाल्यांचीही कोळंबी मेली. चौघं दारात येऊन नको ते बोलून गेले. बायको आतून ऐकत होती, माझ्या बाजूनं एक शब्द बोलली नाही. बाटल्यावाला त्यांच्यातल्याच एकाचा मेहुणा निघाला. पाणी बंद. किती हलकी माणसं!

२९ मे.
दादा-वहिनी मुलीकडे राहायला गेले. कायमचे. टेम्पोत सामान चढत होतं तेव्हा मी म्हटलं, विहीर उपसून देतो, चार दिवस थांबा. दादा म्हणाला, उपसून बघितली रे, परत खारंच येतं. रागावला असता तर बरं झालं असतं.
वहिनीनं आमच्या ओट्यावर हंडा ठेवला. लांबच्या नळावरून डोक्यावर आणलेलं गोडं पाणी. म्हणाली, भावजी, बाटल्या बंद झाल्या ना तुमच्या, आजच्यापुरतं होईल.
दोन पेले प्यायलो. स्वतःची शिसारी आली. तिसराही प्यायलो.
हंडा परत करायला हवा. पुतणीचा पत्ता मला माहीत नाही.