दोनदा घेतलेला अंगठा

केशोरी, ता. ८ जानेवारी २०२५

चि. योगेश्वरीस, आईचे अ. उ. आ.

बाई, फोन लागत नाही म्हणून घाबरू नको. मीच तो बंद करून धानाच्या कोठीत ठेवला. हे सगळं बाबाच्या फोनवरून बोलवत नाही, म्हणून लिहून राहिली.

सोमवारी ठाण्यातले दोन शिपाई घरी आले. माझ्या नावाच्या सिमवरून कोणीतरी परराज्यातल्या एका म्हाताऱ्या मास्तरला फसवलं म्हणे. तो नंबर मी जन्मात पाहिला नाही. दिवाळीच्या बाजारात छत्री लावून बसलेल्या माणसाकडून एक सिम घेतलं, तेवढंच. त्यानं अंगठा दोनदा लावायला सांगितला. कामानं बोटं घासली, पहिला उमटला नाही, असं म्हणाला. मले खरंच वाटलं.

बाबा ओरडले, काऊन लावला दुसऱ्यांदा? शेजारची शामकला आता दारावरून मुकाट जाते. मी बचत गटाचं अध्यक्षपद सोडून द्यावं म्हणते. तू नर्सिंगच्या परीक्षेकडे लक्ष दे. माया कमी करू नको.

तुझी आई,
दुलारी

नागपूर, ता. १३ जानेवारी २०२५

ती. आईस, शि. सा. न. वि. वि.

पत्र वाचून आधी रडले, मग राग आला. तुझा नाही, त्या छत्रीवाल्याचा. आई, एक अंगठा तुझ्या सिमसाठी होता. दुसऱ्यावर त्यानं तुझ्याच नावाचं आणखी एक सिम काढून विकलं. लाजायचं त्यानं, तू काऊन लाजतेस? बाबांना भाजीत मीठ कमी म्हणू देत नाहीस, आणि दोन शिपायांना भ्यालीस!

फोन कोठीतून काढ. ग्रामपंचायतीत कॉम्प्युटरवर बसतात त्या केशोराव काकांकडे जा. आपल्या नावावर किती सिम आहेत ते सरकारी साइटवर दिसतं; आपला नसलेला नंबर तिथेच कळवता येतो. आधारमधल्या बोटांच्या ठशांना कुलूपही लावून घे. ओटीपी मात्र काकांनाही सांगू नको, स्वतः टाक. मग ठाण्यात लेखी तक्रार दे. आणि गटातल्या बायांना विचार, त्या छत्रीखाली तू एकटीच बसली होतीस का?

बाबांना नमस्कार. मी तुझ्या बाजूनं आहे, हे विसरू नकोस.

तुझी,
योगेश्वरी

केशोरी, ता. २ फेब्रुवारी २०२५

चि. योगेश्वरीस, अ. उ. आ.

गटाच्या बैठकीत मी उभी राहून सगळं सांगितलं. मग म्हातारी रुख्मा म्हणाली, मायाबी अंगठा दोनदा घेतलन त्यानं. शामकला तर रडायलाच लागली. तिचाही घेतला होता. आता शिपाई आपल्या दारी येतील, या भीतीनं ती माझ्याशी बोलत नव्हती. केशोरावनं पाहिलं, तर नऊ जणींच्या नावावर अनोळखी नंबर निघाले. नऊही जणी ठाण्यात गेलो. साहेबांनी तक्रार लिहून घेतली, आणि तो दिसला तर लगेच कळवा म्हणाले.

परवा बाजारात तीच छत्री! चिचगडकडची एक बाई समोर बसली होती. तो तिला म्हणाला, उमटला नाही, पुन्हा लावा. मी तिचं मनगट धरलं. पहिला अंगठा कुठं गेला ते आधी सांग, असं त्याला सगळ्या बाजारासमोर विचारलं. तो सामान आवरायला लागला, तर रुख्मा त्याच्या थैलीवरच बसली. शामकलानं ठाण्यात फोन लावला होता. पोलीस येईपर्यंत म्हातारी उठली नाही. थैलीत पुडाभर सिमं निघाली.

मास्तरच्या प्रकरणात माझा दोष नाही, असं साहेबांनी लेखी दिलं. अध्यक्षपद सोडत नाही. बाबा पानठेल्यावर ज्याला त्याला ही गोष्ट सांगून राहिले. त्यांच्या सांगण्यात आम्ही पन्नास बाया झालो आहोत.

जेवत जा. आठवण ठेव.

तुझी आई,
दुलारी

नागपूर, ता. ७ फेब्रुवारी २०२५

ती. आईस, शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र मी मेसमध्ये मोठ्यानं वाचलं. रुख्मा आजी थैलीवर बसली तिथे मुलींनी ताटं वाजवली. मग प्रत्येकीनं आपापल्या नावावरची सिमं तपासली. दोघींना अनोळखी नंबर सापडले. आज त्या तक्रार द्यायला गेल्या आहेत. वॉर्डनबाईंनी तुला इथे येऊन मुलींशी बोलायला बोलावलं आहे. नाही म्हणू नकोस.

तेव्हापासून इथे मला कोणी नावानं हाक मारत नाही. म्हणून सहीही तशीच करते.

तुझ्या मायेची हक्कदार,
दुलारीबाईची पोरगी