'ग्रे ड्रेक'मधलं काळं पातेलं

सोमवार, ४ ऑक्टोबर १९७६

आज पोचले, आणि आल्या आल्या मन खूश झालं. 'ग्रे ड्रेक' हा पब फोटोत दिसला त्याहून देखणा आहे. गवताचं छप्पर, ठेंगणी दारं, शेकोटीपुढे पसरलेला म्हातारा कुत्रा. मालक लायोनेल स्टबिंग्ज साठीचे, गुबगुबीत, सारखे हात चोळत बोलणारे. माझी बॅग त्यांनीच वर नेली आणि जिन्यात तीनदा माझी माफी मागितली. कशाबद्दल, ते काही कळलं नाही.

स्वयंपाकघर आता माझं! हॅलिफॅक्सच्या हॉटेलात मी एका गिऱ्हाइकाला फाडकन बोलले आणि नोकरी गेली. बावन्नाव्या वर्षी असं दुसरं स्वयंपाकघर मिळत नसतं, तेव्हा थेल्मा अकरॉइड, इथे तोंड आवर.

शेगडीच्या मागच्या बाजूला एक भलंमोठं काळं पातेलं आहे. त्यात हाडांचा रस्सा कायम मंद आचेवर असतो. रोज सकाळी वरून पाणी घालायचं आणि प्रत्येक ताटात त्यातला डावभर ग्रेव्ही म्हणून वाढायचा. आतून बोटभर जाड खरपुडी चढलीय. धुवायचं का, असं विचारलं तर स्टबिंग्ज म्हणाले की त्यांना विचाराल तर तूर्त राहू दिलं तरी चालेल, पण छे, तुम्ही जाणत्या आहात, तुम्हाला योग्य वाटेल तसं करा.

शुक्रवार, ८ ऑक्टोबर

इथली माणसं सरळ बोलतील तर शपथ. दुपारी बारा ते अडीच तीच मंडळी असतात. खिडकीशी निवृत्त हेडमास्तरीण कथबर्टसनबाई, बारला रेलून पोस्टमन डेझमंड, आणि बाकी शेतकरी. हॅम वाढा, चीज आणि व्हिनेगरमधले कांदे वाढा, सगळ्यांचं एकच पालुपद, 'अगदी छान हं, बाई.'

आज कथबर्टसनबाई स्वयंपाकघरात डोकावल्या. पातेलं किती जुनं आहे नाही, आधीच्या बाईंनी त्याला कधी हात लावला नाही, अर्थात प्रत्येकीची पद्धत वेगळी, असं काहीबाही पुटपुटत राहिल्या. मी म्हटलं, तुमचं नेमकं म्हणणं काय? त्या लाजल्या आणि धुक्याबद्दल बोलू लागल्या.

आमच्या हॅलिफॅक्सला 'योग्य वाटेल तसं करा' म्हणजे तेच. मला घाणेरडं पातेलं चालत नाही. संध्याकाळी रस्सा मोरीत ओतला आणि तारेच्या घासणीने तळ दिसेपर्यंत घासलं.

रविवार, १० ऑक्टोबर

माझा पहिला रविवार. बीफचा रोस्ट, पिठाची फुगलेली यॉर्कशायर पुडिंगं, भाजलेले बटाटे, आणि ताजी ग्रेव्ही. एवढी चकचकीत ग्रेव्ही या पबाने पाहिली नसेल.

सगळे म्हणाले, अगदी छान. मग दुसरं ताट मागितलं. मग तिसरं. दोन वाजता स्टबिंग्जनी बंदची घंटा वाजवली, तर कोणी उठेना. रविवारी दोनला उठायचंच असतं, कायदाच आहे तसा. तरी सगळे ताटं पुसत बसले, साडेतीनपर्यंत.

काही कमी असेल तर तोंड उघडा ना! माझा नुसता संताप झाला.

गुरुवार, १४ ऑक्टोबर

चार दिवस झाले, खाणं थांबत नाही. चीजचं आख्खं चाक एका दुपारी संपलं. डेझमंडने एकट्याने दोन पाव आणि अर्धं हॅम खाल्लं, आणि त्याचा कोट मात्र खुंटीवर टांगल्यासारखा लोंबतोय. कथबर्टसनबाईंची अंगठी बोटातून निसटून सूपमध्ये पडली. त्यांनी माफी मागितली, तीही सूपची.

मी बारवर हात आपटून विचारलं, पोट भरत नाही का तुमचं? छे छे, बाई, भरपूर झालं. आणि पुन्हा ताट पुढे.

रविवार, १७ ऑक्टोबर

तीन रोस्ट. साठ पुडिंगं. एक वाजता सगळं फस्त. घंटा झाली. कोणी उठलं नाही. गालांची हाडं वर आलेली, डोळे स्वयंपाकघराकडे.

कुत्रा दिसत नाही. विचारलं तर सगळे एकदम हवामानाबद्दल बोलू लागले.

सोमवार, १८ ऑक्टोबर

स्टबिंग्जची कॉलर धरली. भिंतीला टेकवला तेव्हा कुठे बोलला. त्याच्या पणजोबांच्या वेळी दोन वर्षं पीक बुडालं, गाव उपाशी मरत होतं. तेव्हा हे पातेलं चढवलं. त्या डावभर रश्श्यानेच गावाचं पोट भरतं, बाकी रोस्टबिस्ट नावाला. मी विचारलं, पहिल्यांदा त्यात काय शिजवलं?

त्याने हात चोळले. मग म्हणाला, तेव्हाच्या स्वयंपाकीणबाई.

आणि आता पुन्हा पहिल्यापासून सुरू करावं लागणार. फार वाईट वाटतं म्हणाला. मग माझं वजन विचारलं, आणि विचारल्याबद्दल माफी मागितली.

तळपायाची आग मस्तकात गेली. दोन शब्द होते, मेल्या! 'धुऊ नका!' एवढं म्हणायला जीभ झडली असती का?

मंगळवार, १९ ऑक्टोबर, दुपार

बॅग घेऊन निघाले. पुढच्या दाराशी रांग. मागच्या दाराशी रांग. धक्के मारले. 'माफ करा हं, माझीच चूक,' म्हणत प्रत्येक जण तिथेच उभा. हाताला नुसती हाडं लागली.

स्वयंपाकघरात कोंडून घेतलंय. टेबल दाराला लावलंय. ही वही —

टकटक. कथबर्टसनबाई. फार त्रास नसेल तर आत यावं म्हणतात. मी ओरडले, लिहितेय मी! मग म्हणाल्या, अगंबाई, माफ करा. तुमचं लिहून होऊ दे. काही घाई नाही.

खिडकीतून बघतायत. पेन्सिल थांबली की कडी हलते. चालली की थांबतात. मधेच येणं असभ्य —

तर लिहायचं. लिहीतच राहायचं. ऐका, भेकडांनो. ताटं पुसून खाल्लीत, 'छान' म्हणालात, खोटारड्यांनो. एकाने जरी सांगितलं असतं — एकाने —

डेझमंड विचारतोय, होत आलं का. नाही! बटाटे. मीठ. कांदे. मोहरी. काहीही लिहीन —

पान संपलं. पुठ्ठ्यावर लिहितेय. आता पाठपोट —

आणखी कागद देऊ का म्हणून विचारलं दारातून. कथबर्टसनबाई. दुसरं कोणी तरी त्यांना म्हणालं, बाई, नको. कोणी तरी रडतंय. भूक. शिसं तुटलं, नखाने कोरून —

कडी सरकली. नाही, झालं नाही माझं, अजून आहे, मी थेल्मा अकरॉइड, अजून लि