हीटर तुमच्याकडे करा

तीर्थरूप ताईस,

धाकट्या भावाचा साष्टांग नमस्कार. (आठांपैकी एक अंग, म्हणजे उजवा हात, अंगठा भाजल्यामुळे तूर्त रजेवर आहे, तेव्हा सातांवर भागवून घ्यावं. अक्षर डाव्या हाताचं आहे, कोंबडीच्या पायाचं नाही.) तुझे गुडघे कसे आहेत? गोळ्या वेळेवर घेतेस ना? भावोजींचा खोकला थांबला का, की अजूनही फोनवर त्यांच्याआधी तोच बोलतो? आम्ही इकडे सगळे खुशाल आहोत, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो. खरं सांगायचं तर गेला आठवडाभर आमच्या घरात कोणी कोणाशी धड बोलत नाही, आणि या सगळ्याचं मूळ म्हणजे वीतभर उंचीचा, गॅसवर चालणारा, कुठेही नेता येणारा (आणि कुठेही नेला तरी न चालणारा) एक हीटर.

तुझ्या भाचीचं जमलंय हे तुला ठाऊकच आहे. मुलगा निर्व्यसनी आहे, फक्त बर्फात तंबू ठोकून त्यात झोपतो. तिलाही त्याने तोच नाद लावला. आता ज्याला घर आहे, घराला दार आहे, त्याने बाहेर जाऊन का गारठावं हे मला समजत नाही, पण मला विचारतो कोण? त्याचे आईवडील, म्हणजे आमचे होणारे व्याही आणि विहीणबाई, माणसं सोन्यासारखी. आजवर आम्ही चौघं जेव्हा जेव्हा भेटलो, तो सगळा वेळ 'आधी तुम्ही, छे छे, आधी तुम्ही' यातच गेला. मागच्या खेपेस एका हॉटेलच्या दारात हे इतकं लांबलं की मागचे लोक आमच्यातून वाट काढून आत गेले आणि टेबल त्यांना मिळालं. त्यावर तुझ्या भाचीने जाहीर केलं की तुम्ही चौघं माणसांसारखे वागतच नाही, पाहुण्यांसारखे वागता. दोन दिवस आमच्याबरोबर थंडीत तंबूत राहून दाखवा. जमलं तर लग्नाची तारीख काढू, नाहीतर थांबू. (आपल्या वेळी मुलीची परीक्षा घेत. आता मुलगी आईबापांची घेते.) सामानाची वाटणी झाली. तंबू त्यांनी आणायचे ठरलं आणि हीटर आमच्या गळ्यात पडला.

सामान मिळतं ते दुकान गिर्यारोहणवाल्यांचं. मालक दुकानातही लोकरीची टोपी घालून बसतो, म्हणजे गिऱ्हाइकाला आधी नुसतं बघूनच थंडी वाजावी. ताई, मी चष्म्याच्या दुकानात आयुष्यभर लोकांच्या नाकावर भिंगं चढवून 'हे बरं दिसतं की हे? आता? आणि आता?' असं विचारत आलो. त्या सगळ्यांचे तळतळाट त्या दिवशी फळाला आले. हा ज्वाळेचा बरा की हा बिनज्वाळेचा? वर चहाचं भांडं ठेवता येतं तो, की न येणारा? गॅसची डबी खालून लागते तो, की मागून? पाचव्याला हात लावेपर्यंत मला पहिला आठवेना. शेवटी एक पसंत केला, तर मालक म्हणतो, "ह्याला हवा हवी." मी म्हटलं, "मलाही हवा, म्हणून तर आलोय!" मग त्याने समजावलं की बंद तंबूत हीटर लावला तर तो आतली हवा खातो, विषारी वायू साठतो आणि माणूस बसल्या जागी जातो. म्हणून तंबूची खिडकी उघडी ठेवायची आणि झोपण्याआधी हीटर न विसरता बंद करायचा. म्हणजे बघ हं. थंडी घालवायला हीटर घ्यायचा, हीटरसाठी खिडकी उघडायची, खिडकीतून तीच थंडी आत घ्यायची, आणि ऐन गारठ्यात हीटर विझवून झोपायचं. याला आगीतून फुफाट्यात म्हणावं तर इथे फुफाट्याचीही सोय नाही. पुढे हीटर कशाकशाने आपोआप बंद होतो यावरही तो बरंच बोलला. दुहेरी भिंगाचा चष्मा कसा वापरायचा हे मी सांगतो तेव्हा माझी गिऱ्हाइकं ज्या चेहऱ्याने माना डोलावतात, त्याच चेहऱ्याने मीही डोलावली आणि हीटर काखोटीला मारून निघालो.

जागा म्हणजे एक गोठलेलं तळं. बाकी काही नाही. मुलांनी तंबू ठोकले, आम्हा चौघांना एकात कोंबलं, खिडकी उघडून दिली आणि ती दोघं मुद्दामच लांब तळ्यावर फिरायला गेली. मी ऐटीत हीटर काढला, डबी जोडली, बटण दाबलं. फुस्स. मी आणलेली डबी स्वयंपाकाच्या शेगडीची निघाली. कडक थंडीत त्यातला गॅस बाहेरच येत नाही, त्यासाठी वेगळा गॅस मिळतो म्हणे. म्हणजे ज्याने आम्हाला ऊब द्यायची त्यालाच हुडहुडी भरलेली! व्याही अग्निशमन दलातून मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेत. त्यांनी डबी कोटाच्या आत पोटाशी धरली आणि बसून राहिले. ज्या माणसाची उभी हयात लोकांना गॅसपासून लांब हाकलण्यात गेली, तो डबी तान्ह्या पोरासारखी उराशी घेऊन माझ्यापायी बसला होता. मला हा माणूस त्या वेळी फार आवडला. (हे आधीच लिहून ठेवतो, कारण पुढच्या परिच्छेदात आवडणार नाही.)

तर डबी उबली, हीटर पेटला, तंबूत छान लालसर उजेड पडला. विहीणबाई हात चोळत होत्या म्हणून मी हीटर उचलून त्यांच्याकडे केला. विझला. पुन्हा पेटवला. त्या म्हणाल्या, अहो मला पुरे, तुमच्या मंडळींना थंडी वाजतेय, आणि तुझ्या भावजयीकडे सरकवला. विझला. तिने तो व्याह्यांकडे केला, कारण त्यांची पाठ खिडकीकडे होती. विझला. व्याही म्हणाले, आम्हाला काय, सवय आहे, आणि माझ्याकडे. मी 'छे छे, तुमच्याकडेच राहू द्या' म्हणत घाईने परत लोटायला गेलो, तेव्हाच हा अंगठा तापल्या जाळीला लागला. इतक्या मायेच्या वातावरणात त्या मेल्या हीटरला काय खुपत होतं कोण जाणे! तासभर हेच. चौघांचे दात वाजताहेत, नाकं लाल झालीत, आणि चौघंही सांगताहेत की आम्हाला मुळीच थंडी वाजत नाही. शेवटी व्याही म्हणाले की वस्तू घेताना माणसाने नीट बघून घ्यावी, चष्म्याच्या दुकानदाराने तर नक्कीच. आता सांग, माझं डोकं फिरणार नाही तर काय होणार? मी म्हटलं, तुम्हाला जन्मभर पेटलेलं विझवायचीच सवय, तुम्ही नुसते शेजारी बसलात तरी हीटर विझतो.

बोलून गेलो. व्याही उठले, अंथरूण उचललं आणि गाडीत जाऊन झोपले. विहीणबाई म्हणाल्या, यांचा स्वभाव आहे तसा. तुझी भावजय म्हणाली, यांचाही आहे. सकाळी सगळे आपापल्या वाटेने घरी. तुझी भाची एवढंच म्हणाली की तारखेचं राहू दे आता. तेव्हापासून ती माझ्यासमोर जेवायला बसत नाही. माझ्या एकुलत्या एका पोरीचं लग्न एका भिकार हीटरपायी अडावं, याचं मला इतकं वाईट वाटतंय की काल दुकानात तक्त्यावरची शेवटची ओळ गिऱ्हाइकाऐवजी मीच वाचून दाखवली. तूच न्याय कर. यात माझी चूक आहे का? व्याह्यांची जीभ जरा लांब आहे हे मान्य, पण मुळात दोष हीटरचा. तो मी उद्या त्या टोपीवाल्याच्या तोंडावर फेकून येणार आहे. भावोजींना नमस्कार सांग, आणि घरातलाच झालाय म्हणून खोकल्यालाही.

तुझा,
आठवडाभर गारठलेला भाऊ

ता. क. पत्र पाकिटात घालायचं राहिलं होतं, तेवढ्यात दुकानात जाऊन आलो. टोपीवाल्याने हीटर टेबलावर ठेवून पेटवला. मी भांडत होतो तेवढा सगळा वेळ तो गुण्यागोविंदाने जळत होता. मग त्याने एका बोटाने तो जरासा कलवला. विझला. म्हणाला, "कलला की आपोआप बंद होतो, आग लागू नये म्हणून. सांगितलं होतं की तुम्हाला. सरळ ठेवायचा आणि हात लावायचा नाही. तुम्ही हलवत होता का?" मी म्हटलं, छे. इतका पडेल 'छे' मी जन्मात म्हटला नव्हता. तेव्हा वर हीटरला जे जे बोललो ते खोडलेलं समज. व्याह्यांना जे बोललो ते कसं खोडायचं, तेवढं कळव.

ता. क. २. थांब, आता खरं काम लिहितो. तुझ्या भाचीला हे सांगितलं तर ती आधी पोट धरधरून हसली, मग तिने तिकडे फोन करून त्यांनाही हसवलं. व्याही हसले की नाही माहीत नाही, पण त्यांनी स्वतः फोन करून सांगितलं की येत्या शनिवारी पुन्हा जाऊ, तोच तंबू, तोच हीटर. मला इतकं भरून आलं की 'फोन आधी तुम्ही ठेवा' एवढंच म्हटलं. पण ताई, ही शेवटची संधी, आणि आमचे हात काही राहायचे नाहीत. काल घरात करून पाहिलं. जेमतेम ऊब यायला लागली आणि मी हीटर तुझ्या भावजयीकडे केलासुद्धा. यावर तुझ्या भाचीचं मत असं पडलं की तंबूत एक असं माणूस हवं, जे आल्याआल्या हीटर स्वतःकडे करून बसेल आणि दुसऱ्या कोणाला त्याला हात लावू देणार नाही. मी म्हटलं, इतकं आपमतलबी माणूस आपल्यात आहे कोण? तर दोघी मायलेकी एका सुरात म्हणाल्या, "आत्या!" मी दोघींवर खूप रागावलो. आपल्या लहानपणी दोघांत एकच रजई होती आणि ती कोणाच्या अंगावर असायची, हे मी आजवर कोणापाशी बोललो नव्हतो. यांना कुठून कळलं, देव जाणे. असो. शुक्रवारपर्यंत ये. पोरीचं लग्न आता तुझ्यावर आहे. हीटर जवळ घेऊन बस, आणि मी 'जरा व्याह्यांकडे कर' म्हणून कितीही विनवलं तरी ऐकू नकोस. नाहीतरी माझं कधी ऐकलंयस?