बगदादपेक्षा उधना बरं

२ मार्च १९९६, शनिवार. सकाळ.

पेपरात आलंय की बुद्धिबळाच्या जागतिक अजिंक्यपदाच्या सामन्याला जागाच मिळत नाहीये. आता बगदादचं नाव निघालंय. बगदाद! जिथे परवा परवापर्यंत बॉम्ब पडत होते! आणि सुरतचं नाव कोणाच्या तोंडात नाही.

का नाही? कारण सुरतेतून कोणी मागितलंच नाही. मागणार कोण? शेठ लोकांना साड्यांपुढे दिसत नाही, आमच्या खानदेशी लोकांना लूमपुढे. मागायला माणूस लागतो. तो मी.

संकल्प: जूनमधला सामना सुरतेत, आपल्या उधन्यात, समाजाच्या वाडीत, म्हणजे लग्नाच्या हॉलात. यंदा वाडीचा ट्रस्टी मी, किल्ली माझ्याकडे, म्हणजे अर्धं काम झालं. तूर्त सगळं गुप्त ठेवायचं.

उषाला सांगितलं. ती म्हणाली, "आंडेरनं लगीन शे जूनमा, तेवढं ध्यानमा ठेवा." मुलीचं लग्न आणि जागतिक सामना यातला फरक तिला कळत नाही. लग्नं काय, रोज होतात.

३ मार्च, रविवार.

मंडळाची मीटिंग. नेहमीप्रमाणे गणपतच्या पिठाच्या गिरणीवरच्या खोलीत. उधना खानदेश बुद्धिबळ मंडळ: अध्यक्ष मी, सेक्रेटरी भाईदास, सभासद गणपत आणि हिलाल. घोषणा केली. गणपतला इतकं हसू आलं की चहा नाकातून आला. ताबडतोब काढून टाकला. तो म्हणाला, खोली माझी आहे. मी म्हटलं, खोलीचा प्रश्न वेगळा, सभासदत्वाचा वेगळा.

भाईदासने विचारलं की ते रशियन लोक झोपणार कुठे. हा प्रश्न नव्हे, ही जळजळ आहे. पंधरा वर्षं ओळखतो मी त्याला. लूमचे स्पेअर पार्ट विकतो आणि बोलतो असं की लूमचा शोध यानेच लावला. अशा माणसाचा मुलगा कुंदन आमच्या वर्षाला पसंत पडावा! लग्न ठरून गेलं, आता व्याही म्हणून हात जोडावे लागतात. एरवी मंडळातून पहिला त्यालाच काढला असता.

५ मार्च.

आंतरराष्ट्रीय संघटनेला पत्र. मजकूर माझा, इंग्रजी वर्षाचं. बी. कॉम.ला आहे, चालतं. मी सांगितलं, लिही की सुरत हिऱ्यांचं आणि रेशमाचं शहर आहे. ती म्हणाली, "पप्पा, ते प्लेगचं विचारतील ने?" दीड वर्षापूर्वीचा प्लेग! मी म्हटलं, लिही, प्लेग होता, संपला, आता कचरा रोज उचलतात. ती म्हणाली, असं आमंत्रणात कोणी लिहीत नाही. खरं लिहायला काय हरकत आहे? बगदादवाल्यांनी लिहिलं असेल का खरं?

वर्षा हल्ली माझ्याशी बोलताना मध्येच गुजरातीत जाते. मुद्दाम.

२४ मार्च, रविवार.

उत्तर नाही. मोठ्या संस्था लगेच उत्तर देत नाहीत. नकार द्यायचा असता तर एव्हाना दिला असता. याचा अर्थ होकार.

जून महिना वाडीच्या वहीत पूर्ण बुक केला, "जागतिक सामना" असं लिहून. सहा तारखेला "वर्षा-कुंदन विवाह" लिहिलेलं होतं. त्यावर काट मारली. आपलंच कार्य आहे, पुढे-मागे करता येतं. दुसऱ्यांच्या लग्नावर काट मारली असती तर पक्षपात दिसला असता. मे महिन्याचंही बघावं लागेल. रंग, स्टेज, पंखे. मे बंद.

२५ मार्च.

भाईदासला कळलं. कोणी सांगितलं ते शोधतोय (हिलाल). मिलच्या गेटवर आला, माझ्या फोल्डिंग खात्यातल्या माणसांसमोर. म्हणाला, "व्याही, पत्रिका छापायला गेल्या." मी शांतपणे सांगितलं, जुलैमध्ये करू. तो म्हणाला, अधिक महिना लागतोय, मग चातुर्मास, तुम्हाला पंचांग माहीत आहे की नाही? मी म्हटलं, रशियाला पंचांग नसतं.

हे फार चांगलं उत्तर होतं. तो आल्या पावली परत गेला.

१४ एप्रिल, रविवार.

आज वाडीची पाहणी आणि रंगीत तालीम. जिल्ह्यातल्या बुद्धिबळवाल्यांपैकी एक मेहता साहेब, रिटायर्ड प्रोफेसर, यांना बोलावलं होतं. त्यांनी शिफारस केली की राज्य, राज्याने केली की देश, मग जग. सरळ रस्ता आहे.

मेहता साहेब खिशात चॉकलेटं घेऊन आले. त्यांची समजूत अशी की लहान मुलांचं शिबिर आहे आणि त्यांनी उद्घाटन करायचंय. माझ्या पत्रात "अजिंक्यपद" हा शब्द स्पष्ट होता. म्हणाले, कुठलं ते लिहिलं नव्हतं. प्रोफेसर लोक असेच.

तालमीसाठी स्टेजवर टेबल, दोन खुर्च्या, झेंडे. खेळाडू भाईदास आणि हिलाल. पंच मी. भाईदास यायला तयार नव्हता. कुंदनने त्याला समजावून पाठवलं म्हणे: एवढं करा, म्हणजे ते लग्नाच्या तारखेला कबूल होतील. म्हणजे आला तो डाव टाकायलाच. हेतू आधीच वाईट.

वाडीच्या भिंतीला लागून लूमचं शेड आहे. खटाखट, खटाखट. मेहता साहेब मोठ्याने म्हणाले, हा आवाज बंद होतो का? मी तितक्याच मोठ्याने म्हटलं, वीज गेली की होतो.

मग तो प्रसंग. भाईदासने वजिराला हात लावला आणि उंट चालवला. मी ताबडतोब उभा राहिलो. ज्या सोंगटीला हात लागला तीच चालायची, हा जगभरचा नियम आहे. तो म्हणाला, वजीर तिरका होता, सरळ केला. मी म्हटलं, आधी सांगायला हवं होतं. तो म्हणाला, "आवाजात ऐकू आलं नसतं." मेहता साहेब हसले. तिथेच माझं रक्त तापलं. मी भाईदासला पराभूत घोषित केलं. शिस्तभंगाबद्दल मंडळातून काढलं. आणि बोलण्याच्या भरात म्हटलं की जो पटावर लबाडी करतो त्याच्या घरी मुलगी देताना बापाने दहादा विचार करावा.

हे नियमानुसारच होतं. फक्त शेवटचं वाक्य नियमात बसत नाही.

भाईदास उठला. खुर्ची नीट टेबलाखाली सरकवली. आवाज चढवला नाही, हे मात्र मला विचित्र वाटलं. म्हणाला, "पोरीचं लग्न माझ्या घरी होणारच. तिचा काय दोष? पण तुमच्या वाडीत नाही. कडोदऱ्याला भावाच्या जागेत मांडव घालतो. तुम्ही या, एक शब्द बोला, चुकलं म्हणून. मी विसरून जाईन."

गेला. मेहता साहेबांनी चॉकलेटं टेबलावर ठेवली आणि तेही गेले. हिलाल म्हणाला, अध्यक्ष, मलापण काढून टाका. काढला.

तालीम एकंदरीत उपयोगी झाली. उणिवा कळल्या.

२० एप्रिल. आखाजी.

उषाने सण केला, मांडे केले, माझ्याशी बोलली नाही. दरवर्षी भाईदासकडची सगळी जेवायला येतात. मी बोलावलं नाही. तिने मांड्यांचा डबा भरला आणि स्वतः जाऊन देऊन आली. माझ्या घरातून शत्रूला रसद.

संध्याकाळी एवढंच म्हणाली, "तुमना डोकामा वारा भरना का?" वाऱ्याचा काय संबंध?

बगदादचं बारगळलं असं ऐकतो. म्हणजे आता मैदानात सुरत एकटी.

२ मे.

सामना दुसरीकडे कुठेतरी ठरल्याची अफवा. मिलमधल्या टाईमकीपरने सांगितलं. तो क्रिकेटवाला आहे. त्याच्यावर विश्वास ठेवायचं कारण नाही.

१२ मे, रविवार.

आज गुंडगिरी झाली. गल्ली नंबर चारच्या शांताबाई, त्यांच्या मुलीचं लग्न आज वाडीत. बुकिंग माघ महिन्यातलं. मी त्यांना मार्चमध्येच निरोप दिला होता की वाडी तयारीसाठी बंद राहील. निरोप गणपतकडे दिला होता. गणपतला काढल्यानंतर दिला होता, त्यामुळे तो त्याने पोचवला नाही. हलकट.

सकाळी आचारी, भांडी, वाजंत्री, सगळे दारात. मी कुलपासमोर उभा. शांताबाई म्हणाल्या, "दादा, नवरदेव स्टेशनला उतरलाय, किल्ली द्या." मी त्यांना आंतरराष्ट्रीय परिस्थिती समजावून सांगू लागलो. त्यांच्या भावाने गॅसच्या शेगडीचा स्टँड घेतला आणि कुलूप तोडलं. कोणीतरी मला बाजूला केलं. ढकललं नाही, बाजूला केलं, जसं खुर्ची करतात. मला ढकललं असतं तर पोलीस केस झाली असती. आत बायका माझे झेंडे काढून तोरणं बांधत होत्या.

एकेकाला बघून घेईन.

१५ मे.

वाडीच्या ट्रस्टीपदाचा मी राजीनामा दिला. दिल्याचं समाजाच्या बैठकीने मला संध्याकाळी येऊन कळवलं. किल्ली नव्या ट्रस्टी सरलाबाईंकडे. सहा जूनला वाडी मोकळी आहे, लग्न इथेच करा, असा निरोपही त्यांनी भाईदासला पाठवला. तो म्हणाला, आता कडोदऱ्याला मांडववाला ठरला.

ताठा बघा.

२६ मे, रविवार.

मंडळाची मीटिंग. हजर: मी. गणपतने खोलीत गव्हाची पोती भरून ठेवली आहेत, म्हणून मीटिंग घरी. ठराव: भाईदासने आधी माफी मागावी. एकमताने मंजूर.

उषाचा भाऊ राघो आला होता. कडोदऱ्यालाच राहतो, त्यामुळे सगळी धावपळ तोच करतोय. म्हणाला, दाजी, एक शब्दाचा तर प्रश्न आहे. मी म्हटलं, शब्दाचा नाही, तत्त्वाचा. तो म्हणाला, बरं. हल्ली सगळे मला "बरं" म्हणतात.

४ जून, मंगळवार.

उषा आणि वर्षा हळदीसाठी राघोकडे निघाल्या. वर्षा दारात थांबली. मराठीत बोलली, सावकाश. म्हणाली, "पप्पा, तुम्ही येणार ना?"

मी म्हटलं, मंडळ काय ठरवतं ते बघू.

ती म्हणाली, "मंडळात आता तुम्ही एकटेच आहात."

मी म्हटलं, मग मंडळाला विचार करू दे.

तिने वाकून नमस्कार केला आणि रिक्षात बसली. उषाने मागे पाहिलं नाही. कपाटात माझा सफारी इस्त्री करून टांगलेला आहे. कधी केली कोण जाणे.

६ जून, गुरुवार. दुपार.

लग्न गोरज मुहूर्तावर. सफारी घालून बसलोय. कन्यादान बापाशिवाय होत नाही. भाईदासला गाडी पाठवावीच लागेल. नाक घासत येईल. तेव्हा मी काय बोलायचं ते ठरवलं आहे: फक्त "बरं".

चार वाजले. ट्रॅफिक असेल.

साडेचार. आपणहून जाणं म्हणजे हार.

पाच. इथून कडोदऱ्याला शटल रिक्षा मिळते. मी फक्त व्यवस्था कशी केलीय ते बघायला जातोय. उणिवा लिहून काढीन.

७ जून, शुक्रवार.

पेपरात आहे: सामना काल सुरू झाला. रशियातल्या कुठल्याशा लांबच्या शहरात. नाव नीट वाचता आलं नाही. फोटोत दोघं पटावर वाकलेत. बातमी वाचून खूप राग येईल असं वाटलं होतं. आला नाही.

कालचं लिहितो.

हायवेला ट्रक उलटला होता. रिक्षा गाड्यांच्या रांगेत अडकली. मी उतरलो, चालत गेलो. सफारी पाठीला चिकटला. मांडवापाशी पोचलो तेव्हा टाळ्या आणि वाजंत्री एकदमच ऐकू आली. अक्षता पडल्या होत्या. मग विधी सुरू झाले. कन्यादानाला राघो आणि त्याची बायको सुषमा बसले. उषा शेजारी उभी होती. मी मागे, खुर्च्यांच्या शेवटच्या रांगेपाशी. पुढे जायला हवं होतं. इतक्या लोकांमधून कसं जायचं? आणि गेल्यावर राघोला उठ म्हणायचं?

वर्षाने एकदा मान वर करून मांडवभर बघितलं. कोणाला तरी शोधत होती. मी हात वर केला. तेवढ्यात फोटोवाला मध्ये आला.

गणपत पाणी देत फिरत होता. हिलाल वाढप्यांवर ओरडत होता. मला काहीच म्हणाले नाहीत. वाईटही बोलले नाहीत. मग समोरून भाईदास आला, फेटा बांधलेला, घामाघूम. मी एक शब्द तयार ठेवला होता. खरंच ठेवला होता. त्याने दोन्ही हात जोडले आणि म्हणाला, "या, या, जेवून घ्या." आणि माझ्यामागच्या माणसाकडे वळून त्यालाही तेच म्हणाला, त्याच आवाजात. त्याने मला ओळखलं की नाही हेच कळलं नाही.

पंगतीत बसलो. जिलबी, वांग्याची भाजी, वरण-बट्टी. व्यवस्था चांगली होती. उणीव एकही सापडली नाही.

शेजारी एक म्हातारे गृहस्थ होते, बारडोलीचे. शुगर फॅक्टरीत होते म्हणाले. बट्टी कुस्करता कुस्करता त्यांनी सहज विचारलं, "तुम्ही मुलाकडचे का मुलीकडचे?"

मी म्हटलं, मुलीकडचा.

म्हणाले, "जवळचे का?"