काळ्या दगडावर अनवाणी

२ मे १९८९
पोचलो. ग्लासगो ते कात्रप, बदलापूर ईस्ट. काम सोपं. अंबरनाथचं शिवमंदिर मोजायचं, पाच आठवड्यांत बारा शीट्स काढायच्या. आर्किटेक्चरचं शेवटचं वर्ष. गेल्या वर्षी नापास झालो तो प्रोफेसरचा आकस. या वेळी राहिलो तर कोर्समधून नाव कट. पण तो प्रश्नच नाही. आईबाबा मला घेऊन देश सोडून गेले तेव्हा मी चार वर्षांचा होतो, म्हणजे मी इथलाच.
काळजी फियोनाची. माझी वर्गमैत्रीण, तिलाही हेच काम. अस्सल स्कॉटिश. मराठी शून्य, पाच मिनिटं उन्हात उभी राहिली की टोमॅटो. दोघांचा मुक्काम इंदूआत्याकडे, म्हणजे बाबांच्या बहिणीकडे. फियोनाला सांगून ठेवलंय, माझ्या मागेमागे राहा.

३ मे
आत्याने दोघांसाठी पाणी उकळून ठेवलं होतं. मी नको म्हटलं. तुझ्या पोटाला सवय नाही रे श्याम, असं ती म्हणाली. पोट बदलापूरचंच आहे, मी म्हणालो, आणि सगळ्यांसमोर नळाचं दोन ग्लास पाणी प्यायलो. फियोना उकळलेलं प्यायली. बिचारी.
उद्या पाचला उठणार.

४ मे
साडेनऊला उठलो. जेट लॅग. फियोना पहाटेच अण्णांबरोबर, म्हणजे आत्याच्या यजमानांबरोबर, एसटीने गेली. मी पोचलो भर दुपारी. देवळात चपला काढाव्या लागतात हे ध्यानात नव्हतं. काळा दगड, नुसता तवा. सभामंडपापर्यंत उड्या मारत गेलो. पुजारी म्हणाला, नाचू नका, देऊळ आहे.
मोजमाप झालं नाही. पण पाहणी झाली. पाहणी हाच पाया.

६ मे
पोट बिघडलं. पाण्याचा संबंध नाही. आत्याच्या आमटीत तिखट जास्त असतं.

१० मे
आज तोडगा. उल्हासनगरला जाऊन जाड मोजे घेतले. सिंधी दुकानदार म्हणाला, साईं, बाहर का माल है, एकदम ओरिजिनल. मी बाहेरचाच माणूस, मला कोण फसवणार? लेबलवर 'मेड इन इंग्लंड' आहे.

११ मे
मोज्यांचा रंग गेला. घाम आणि निळा रंग. सभामंडपात माझ्या पावलांचे ठसे. पुजाऱ्याने बादली आणि फडकं दिलं. दोन तास पुसलं. तेवढ्यात फियोनाची चौथी शीट पूर्ण. ती छत्री लावून, ओलं पोतं पायाखाली घालून बसते. पोत्याची आयडिया आत्याची. मला का नाही सांगितली? आत्याला विचारलं. तू विचारलंस कुठे, म्हणाली.

१७ मे
कागद घामाने ओला होतो, पेन्सिल घसरते. या हवेत कोणीच ड्रॉइंग करू शकत नाही. फियोनाच्या शीट्स सात.
आत्या तिला 'फुला' म्हणते. भाजीवालीशी फियोना मराठीत घासाघीस करते. भाजीवालीने मला मात्र हिंदीत भाव सांगितला.
उद्या पाचला. नक्की.

२४ मे
कावीळ. डोळे हळदीसारखे. डॉक्टरने पाय पाहिले, निळे कशाने म्हणून विचारलं. पिवळ्याचं बोला, मी म्हणालो.
आयएसडी बूथवरून ग्लासगोला बाबांना फोन केला. काम जोरात, असं सांगितलं. बाबांनी विचारलं, पाणी उकळून पितोस ना? लाइन कट झाली. म्हणजे मीच केली. मग बूथमध्येच थोडा वेळ बसलो. बाहेरचा माणूस काच ठोकत होता.

२९ मे
उसाचा रस, मऊ भात, पंखा. पडून राहवेना, म्हणून एक शीट काढली. छताचा पंखा, खालून. प्रमाणबद्ध आहे. आत्याने पाहिली, छान आहे म्हणाली, आणि तोंडाला पदर लावून आत गेली. शीट नंबर एक.

३ जून
हट्टाने देवळात गेलो. फियोनाने टेपचं टोक धरायला दिलं. धरलं. चक्कर आली तेव्हाही सोडलं नाही. अण्णांनी उचलून सावलीत आणलं.

६ जून
फियोनाच्या बारा शीट्स झाल्या. तिच्यासमोर एक प्रस्ताव ठेवला, दोघांचं नाव टाकू. तीनदा ठेवला. शेवटी डोळे पुसावे लागले, कावीळ पूर्ण गेलेली नाही. तिने टेप गुंडाळून ठेवली आणि मराठीत म्हणाली, श्याम, तू टेप धरलीस, तेवढं मी लिहीन. खोटं नाही लिहिणार.
मराठी बरी बोलते. क्रियापदं अजून कच्ची आहेत, असं मी आत्याला म्हणालो. आत्याने माझ्यापुढे उकळलेलं पाणी ठेवलं.

८ जून
दारात टॅक्सी. आत्या फियोनाला मिठी मारून रडली. लोणच्याची बरणी दिली. फुला, पुढच्या मे महिन्यात आंब्यांना नक्की ये, म्हणाली. मग माझ्याकडे बघितलं, कपाळावरून हात फिरवला, आणि तिलाच म्हणाली, ह्यालापण आण गं, तुला त्रास होणार नसेल तर.
फियोना म्हणाली, बघते.