एकेचाळीस माणसांची सभा

मु. मिरजोळे, ता. रत्नागिरी
गुरुवार

चि. विनीत यास,

महिपतमामाचे अनेक आशीर्वाद. इकडे सगळे ठीक, फक्त माझा उजवा गुडघा आणि आंब्याचा मोहोर यांचं काही खरं नाही. तुझं पित्त कसं आहे? फ्लेक्सच्या दुकानात दिवसभर कॉम्प्युटरकडे बघून डोळे जातात असं रेडिओवर ऐकलं, तेव्हापासून मला धास्ती आहे. (तुझी आई म्हणते, दादा उगाच काळजी करतो. गंगा लहानपणापासून तशीच, विहिरीत वाकून बघणारी.)

पत्रास कारण आमच्या करुणाबाई. पक्षाच्या तालुकाध्यक्ष, शाळेतून निवृत्त झाल्या तरी हातातली लाल शाई सुटलेली नाही. मी सातवीत शाळा सोडलेला माणूस, पण त्या उभ्या राहिल्या की आजही मला बाकावर सरळ बसावंसं वाटतं. आपल्या पक्षाची बातमी कशी येते हे तुला ठाऊक आहेच. समोरच्यांची सभा झाली की पहिलं पान, 'जनसागर उसळला', उंचावरून काढलेला फोटो. आपली झाली की आतल्या पानावर, 'हरवले आहेत'च्या खाली दोन ओळी, त्यातही बाईंचं आडनाव चुकलेलं. टीव्हीवाले एकदाच आले, तेही रस्ता चुकून.

गेल्या सोमवारी सकाळी मिरजोळ्यात आपली सभा, संध्याकाळी रत्नागिरीत त्यांची. आपल्याकडे माणसं एकेचाळीस. बाईंचे नियम कडक : गाडी पाठवून माणूस आणायचा नाही, बातमीसाठी पाकीट द्यायचं नाही, आकडा फुगवायचा नाही. मी हळूच म्हटलं, बाई, शंभर सांगू या, खुर्च्या तर शंभर आहेत. म्हणाल्या, "खुर्च्या मत देत नाहीत, महिपतराव."

आणि मंगळवारी पेपर उघडतो तर काय! पहिल्या पानावर माणसांचा समुद्र, आणि वर मथळा, 'करुणाबाईंच्या सभेला विराट प्रतिसाद'! पेपरवाल्यांनी दोन सभांची अदलाबदल केली होती. आतल्या पानावर त्यांच्या वाट्याला आपल्या दोन ओळी. मी स्टॉलवरचे सातही पेपर उचलले. (एक कात्रण तुला पाठवलं, ते मिळालं असेल.) तीस वर्षांत पहिल्यांदा मी नाक्यावर छाती काढून चाललो.

पेपर घेऊन बाईंकडे गेलो. त्यांनी चष्मा लावला, फोटो बराच वेळ पाहिला आणि म्हणाल्या, "चला." कुठे, हे विचारायची माझी छाती झाली नाही. रिक्षा थेट पेपरच्या कचेरीत. संपादक घाबरून उभा राहिला. बाई म्हणाल्या, "आमची माणसं एकेचाळीस होती. तसं छापा. आणि ही गर्दी त्यांची त्यांना परत द्या."

संपादक म्हणाला, "बाई, इथे लोक गर्दी वाढवून घ्यायला येतात. कमी करून घ्यायला अजून कोणी आलं नव्हतं."

"मग आज आलं."

मी मागून 'निदान पन्नास' असं पुटपुटलो, तर बाईंनी नुसतं वळून पाहिलं. गुडघा दुखायचा थांबला.

बुधवारी पहिल्या पानावर चौकटीत खुलासा आला, बाईंच्या फोटोसकट, आणि आडनाव बरोबर! रे विनीत, त्या विराट गर्दीने जे झालं नसतं ते एकेचाळीसने केलं. मासळीवाली यमुनाबाई, जी आपल्या पत्रकात बांगडे बांधून द्यायची, ती बाईंना म्हणाली, "पुढची सभा कदी वो? बेचाळिसावी मी." अशी बाई पक्षाला लाभली, आणखी काय पाहिजे?

गोळ्या वेळेवर घे.

तुझा,
महिपतमामा

ता. क. : रविवारी पक्षाच्या सभेत 'तीस वर्षांचा निष्ठावंत' म्हणून माझा सत्कार आहे. तिथे दोन्ही कात्रणं (बुधवारचं सोबत जोडलं आहे) मोठी करून फ्लेक्सवर लावायची बाईंची इच्छा आहे. फ्लेक्स तूच करून आण. मात्र त्या गर्दीच्या फोटोत तिसऱ्या रांगेत आपल्या पक्षाची टोपी घातलेला एक म्हातारा दिसेल, हातात वडापाव. तो कॉम्प्युटरवर पुसून टाक. तो मी आहे. झालं असं की दोन्ही सभांना खुर्च्या गंगाराम मंडपवाल्याच्याच. आपल्यासाठी मी सही करून घेतलेल्या, त्या परस्पर तिकडे चालल्या. एखादी मोडली तर? म्हणून टेम्पोत बसून मीही गेलो. गंगाराम हसला, "काय वो, खुर्च्यांवर पहारा द्यायला आलाव?" एका खुर्चीवर बसलो, म्हणजे निदान तेवढी तरी सुरक्षित. वडापाव कोणीतरी हातात दिला. टाळी एकही वाजवली नाही, हात रिकामा नव्हता.

ता. क. दुसरा : पाकीट चिकटवण्याआधीच बाई आल्या. त्यांच्याकडच्या पेपरात माझ्या टोपीभोवती लाल शाईचा गोल आहे, मंगळवारपासूनच. म्हणाल्या, "पेपरची चूक मी दुरुस्त करून आणली. ही तुम्ही करा. शाल मिळेल, पण आधी उभं राहून सगळ्यांना सांगायचं." तेव्हा पुसू नकोस. रविवारी ये, अगदी समोर बस. येताना दुकानातली चार पोरं घेऊन ये, असं लिहिलं होतं, ते खोडलं आहे. एकटाच ये. बाई मोजतात.